स्वेर्दलोव्स्कची गळती आणि तपासनीस नसलेला करार

नमस्कार. आज जैविक, म्हणजे रोगजंतूंच्या अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या कराराबद्दल बोलू. नकाशापासून सुरुवात करू.

(पडद्यावर शहराचा नकाशा)

हे सोव्हिएत रशियातलं स्वेर्दलोव्स्क. आजचं येकातेरिनबुर्ग. 1979 च्या एप्रिलमध्ये इथली धडधाकट माणसं ताप येऊन, धाप लागून दगावायला लागली. निदान 66 जण गेले. रोग होता अँथ्रॅक्स. आपल्याकडे गुरांना होतो तेव्हा त्याला फाशी म्हणतात. सरकारने सांगितलं की आजारी जनावराचं मांस काळ्या बाजारात विकलं गेलं, ते खाऊन लोक मेले. लोकांना ते पटलंही असेल, कारण अँथ्रॅक्स तसाही होतो.

पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर होत्या फाइना अब्रामोवा. जंतू मांसातून पोटात गेला असता, तर नासधूस आतड्यापासून सुरू व्हायला हवी होती. त्यांना दिसत होतं वेगळंच. एकामागून एक मृतदेहांत दोन फुफ्फुसांच्या मधल्या गाठी सुजून रक्ताने भरलेल्या. म्हणजे जंतू श्वासातून गेला होता. पुढे केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने रुग्णालयातली कागदपत्रं उचलून नेली. अब्रामोवा आणि त्यांचे सहकारी लेव ग्रिनबर्ग यांनी मात्र फॉर्मॅलिनमधले अवयवांचे तुकडे आणि स्लाइड जपून ठेवल्या. एकदोन महिने नाही, तब्बल 13 वर्षं. त्या काळात, त्या देशात हे करायला किती मोठं काळीज लागलं असेल!

1992 मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांचं पथक तिथे पोहोचलं. सरकारी कागद नव्हतेच. मग ही माणसं दफनभूमीत गेली, थडग्यांवरची नावं उतरवून घेतली, आणि घरोघर जाऊन विचारत राहिली: तुमचा माणूस त्या दिवसांत कुठे कामाला होता? दिवसा कुठे असायचा? आता नकाशाकडे बघा.

(नकाशावर एकेक ठिपका उमटतो)

ठिपके शहरभर विखुरलेले नाहीत. लष्करी सूक्ष्मजीव केंद्रापासून दक्षिणेकडे जाणारी जेमतेम चार किलोमीटरची अरुंद पट्टी आहे ही. एक सिरॅमिकचा कारखाना बरोबर त्या पट्टीत येतो. पट्टी तशीच पुढे ओढली की ज्या गावांत मेंढ्या आणि गाई मेल्या ती गावं लागतात, थेट 50 किलोमीटरपर्यंत. हवामान खात्याच्या नोंदी काढल्या, तर 2 एप्रिल 1979, सोमवारी वारा नेमका याच दिशेने वाहत होता. मांस वाऱ्याच्या दिशेने विकलं जात नाही.

1992 मध्येच रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी कबूल केलं की याचं मूळ लष्करी कामात होतं. 1979 साली त्या प्रांताचे पक्षप्रमुख येल्त्सिनच होते.

हे सगळं सांगायचं कारण असं की 1979 च्या आधीच जैविक अस्त्रबंदी करार झालेला होता. 10 एप्रिल 1972 ला सह्या सुरू झाल्या, 26 मार्च 1975 पासून तो लागू झाला. 1925 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने फक्त वापरावर बंदी होती. या कराराने अशी अस्त्रं बनवायला आणि साठवायलाही मनाई केली. आणि हा करार ज्या तीन देशांकडे सांभाळायला दिला, त्यांतला एक होता सोव्हिएत युनियन.

मग कोणी तपासायला का गेलं नाही? कारण तपासायला कोणी नव्हतंच. आजही नाही. रासायनिक अस्त्रांसाठी हेगला अख्खी संस्था आहे, शेकडो कर्मचारी आहेत, कारखान्यात जाऊन नमुने घेणारे तपासनीस आहेत. जैविक करारासाठी जिनिव्हात एक छोटा कक्ष आहे, तोही 2006 मध्ये मंजूर झालेला, आणि त्यातली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. देशांनी दरवर्षी आपल्या प्रयोगशाळांची माहिती एका फॉर्मवर भरून पाठवायची असते. अनेक देश तेवढंही करत नाहीत.

अडचण खरी आहे, हे मान्य करू. क्षेपणास्त्राचा तळ उपग्रहातून दिसतो. जंतू वाढवायची टाकी लसीच्या कारखान्यातही असते आणि अस्त्राच्या कारखान्यातही, दोन्ही सारख्याच. म्हणून करारात जंतूंची यादी नाही. तुम्ही ते कशासाठी आणि किती ठेवता, यावर सगळं ठरतं. तपासणीची सक्ती आणायला 1995 पासून सहा वर्षं वाटाघाटी झाल्या. 2001 च्या जुलैमध्ये अमेरिकेने तो मसुदा नाकारला. गुपितं फुटतील ही भीती, औषध कंपन्यांचीही आणि संरक्षण खात्याचीही.

तक्रार करायची वाट आहे, पण ती जाते सुरक्षा परिषदेत. 2022 मध्ये रशियाने युक्रेनमधल्या प्रयोगशाळांबद्दल तिथे ठराव आणला. रशिया आणि चीन बाजूने, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स विरोधात, भारतासह दहा देश तटस्थ. ठराव पडला. आणि स्वेर्दलोव्स्कसारखी तक्रार तिथे नेली असती, तर सोव्हिएत युनियनकडे नकाराधिकार होताच.

तपासणीची कायदेशीर सक्ती हवी, ही भारताची जुनी मागणी आहे आणि मला ती मनापासून पटते. पण मग ती आपल्यालाही लागू होईल. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. केरळात निपाह आला तेव्हा खात्री करून देणारे हात पुण्याचे होते. परक्या देशाचे तपासनीस उद्या तिथे येऊन नोंदवह्या उघडू म्हणाले, तर माझ्या मते उघडू द्याव्यात. नमुन्यांची गुप्तता कशी राखायची याचे नियम आधी ठरवून घ्यावेत, पण दार उघडं ठेवावं.

तुमच्यापैकी कोणी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असेल, तर अशी तपासणी प्रत्यक्षात कुठे अडेल ते खाली लिहा. पुढच्या भागात तुमची उत्तरं घेऊनच बोलू.