आधी बूट, मग पार्टिशन

मित्रहो, आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. एका संगणकावर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही आहेत. आता उबंटू नको आहे आणि तिने अडवलेली जागा परत हवी आहे. असं विचारणारे खूप भेटतात. कुणी अभ्यासक्रमापुरतं लिनक्स टाकलेलं असतं, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला तेव्हा कुणी जुन्या लॅपटॉपवर ते वापरून पाहिलेलं असतं. यात गैर काहीच नाही. काढून टाकण्याची घाई मात्र नडते.

उबंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा वेगळा भाग, डिलीट करायला दोन-चार क्लिक पुरतात. त्यानंतर मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' अशी अक्षरं येतात आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. तुमच्या फाइली तेव्हाही जागेवरच असतात. तुटलेली असते ती विंडोजपर्यंत पोचायची वाट.

ती कशी तुटते ते पाहू. उबंटू टाकताना तिचा बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम), म्हणजे ग्रब, सुरुवातीचा ताबा घेतो. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर हार्डडिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूट कोडला जेमतेम ४४६ बाइट मिळतात. एवढ्यात सगळा ग्रब मावत नाही. म्हणून तिथे फक्त त्याचा पहिला तुकडा बसतो आणि उरलेला भाग तो लिनक्सच्या पार्टिशनमध्ये शोधतो. ते पार्टिशनच तुम्ही उडवलं, तर तो पहिला तुकडा अडकून पडतो, कारण ग्रबच्या मेन्यूतली विंडोजची नोंदही त्या उडालेल्या भागातच होती.

बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या नव्या मशीनवर मांडणी वेगळी आहे. तिथे ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा फॅट३२ चा छोटा भाग असतो, बऱ्याचदा १०० एमबीचा. त्यात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर असतं आणि उबंटूचं एक. कुणाला आधी उठवायचं तो क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेला असतो. तुमचं मशीन कोणत्या जातीचं, ते विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' या ओळीत दिसतं. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माझा आग्रह एवढाच आहे की उबंटू जिवंत असतानाच विंडोज तिच्याशिवाय सुरू होते, हे डोळ्यांनी पाहून घ्या. यूईएफआय मशीनवर त्याच्या स्वतःच्या (विंडोजच्या नव्हे) सेटिंगमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा. ग्रबचा मेन्यू न येता थेट विंडोज उघडली पाहिजे. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि तसंच घडतं का ते बघा. जुन्या बायोसवर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन 'बूटरेक' हा कमांड 'फिक्सएमबीआर' या पर्यायासह चालवावा लागतो. तो पेनड्राइव्ह आधीच करून ठेवा. मशीन अडल्यावर तो कुठे तयार करणार?

इथे बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणारी सोय, आडवा येऊ शकतो. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटची व्यवस्था बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधी शोधून कागदावर उतरवा. काम होईपर्यंत बिटलॉकर 'सस्पेंड' करून ठेवलात तर आणखी बरं.

आता बॅकअप. विंडोजला उबंटूचं एक्स्ट४ (लिनक्सची फाइली मांडायची पद्धत) पार्टिशन एरवी वाचता येत नाही, त्यामुळे कॉपी उबंटूत असतानाच करायची, शक्यतो बाहेरच्या डिस्कवर. होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरंही घ्या. दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या एसएसएच चाव्या तिथेच असतात, आणि त्या गेल्या की परत येत नाहीत.

दोन डिस्क असतील तर आणखी एक तपासणी हवी. विंडोज टाकताना दुसरी डिस्क जोडलेली असेल, तर विंडोजच्या बूट फाइली कधीकधी त्या दुसऱ्या डिस्कवरच्या ईएफआय भागात जाऊन बसतात. म्हणजे सी ड्राइव्ह एका डिस्कवर आणि त्याची किल्ली दुसऱ्या. 'ही तर लिनक्सची डिस्क' म्हणून ती आख्खी पुसली की विंडोज मुकी होते.

एवढं झालं की विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. लिनक्सचे भाग ड्राइव्ह लेटरशिवाय दिसतात. मोठा असतो तो मूळ, म्हणजे उबंटू जिथे आहे तो, आणि स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायचा भाग) वेगळा केला असेल तर तो छोटा. त्यांचे आकार आधी उबंटूतच टिपून घ्या आणि जुळवून बघा. ईएफआय, रिकव्हरी, ओईएम असं लिहिलेल्या भागांना हात लावू नका. डिस्क मॅनेजमेंट ईएफआय पार्टिशन डिलीट करूच देत नाही. 'डिस्कपार्ट' हा विंडोजचा कमांड मात्र 'ओव्हरराइड' लिहिलं की ते मुकाट्याने उडवतो, म्हणून इंटरनेटवरचा आदेश जसाच्या तसा चिकटवू नका.

डिलीट केल्यावर जागा 'अनअलोकेटेड' होते. ती सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तरच 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' चालतं. मध्ये रिकव्हरीचा भाग आला, किंवा मोकळी जागा डावीकडे पडली, तर तो पर्याय पुसट दिसतो. मग लोक जी-पार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅमने पार्टिशन सरकवायला जातात. काम होतं, पण ते तासन्‌तास चालू शकतं, आणि मध्येच वीज गेली तर सी ड्राइव्हच पणाला लागतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मी तरी हे करू देणार नाही. त्या जागेवर सरळ नवा ड्राइव्ह बनवा आणि फोटो, व्हिडिओ तिकडे हलवा. सी ड्राइव्ह तेवढाच मोकळा होतो.

ईएफआय भागात उबंटूचं फोल्डर आणि बूटच्या यादीत तिचं नाव मागे राहतं. घर पाडलं तरी दारावरची पाटी राहावी, तसं. त्याने काही बिघडत नाही. नकोसं वाटलं तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून 'माउंटव्हॉल' या कमांडने त्या भागाला तात्पुरतं लेटर द्या आणि फक्त 'उबंटू' नावाचं फोल्डर काढा. शेजारचं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर जागेवरच राहू द्या. यादीतली नोंद 'बीसीडीएडिट' या कमांडने काढता येते. शेवटी बिटलॉकर पुन्हा चालू करा. आता तुमचे प्रश्न घेऊ.