जुन्या टर्बोचे हरवलेले घोडे

(दृश्य: सकाळ. घोडबंदर रोड, गायमुखचा चढ. कंटेनरच्या रांगेमागे एक जुनी सेडान.)

याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ही गाडी पाठ सीटला चिकटवायची. आता नुसती घरघरते. पिकअप गेलाय.

फियाट लिनिया टी-जेट, २०१०ची, एमएच-०४ पासिंग. बाबांनी हौसेनं घेतलेली. जन्म रांजणगावच्या कारखान्यातला. इंजिन १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल, कागदावर ११४ पीएस ताकद (पीएस म्हणजे ढोबळ मानानं घोडे) आणि २०७ एनएम टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. याच घराण्याच्या इंजिनातून कंपनीनं २०१५च्या अबार्थ पुंटोमध्ये १४५ पीएस काढले आणि २०१६च्या लिनियामध्ये १२५. जुनी टी-जेट बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हे आकडे घर करून असतात. माझ्याही होते. वागळे इस्टेटमधल्या गॅरेजच्या दारात गाडी लावली, ती रीमॅप करायचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवायचं, पक्कं ठरवूनच.

(दृश्य: गॅरेज. उघडं बॉनेट. तेलकट हातांचा क्लोजअप.)

गॅरेजवाल्या मेकॅनिक काकांनी एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, थोडा वेळ कान लावून उभे राहिले. म्हणाले, "अरे, कंपनीनं दिलेले घोडे कुठं पळाले ते आधी बघू. नवे मग आणू."

टर्बो चालतो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर. तो वायू एक चक्र फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून दाबतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनात जाते. या सगळ्या वाटेवर रबराचे होज आणि लोखंडी क्लॅम्प. पंधरा वर्षं बॉनेटखालच्या उष्णतेत राहिलं की कुठलंही रबर कडक होतं, तडकतं. आणि मग कष्टानं दाबलेली हवा इंजिनात पोचायच्या आधीच निसटते. कॉम्प्युटरला दाब कमी दिसतो, तो टर्बोला आणखी पळवतो. ताकद तर मिळत नाहीच, वर टर्बो उगाच झिजतो.

(दृश्य: पीव्हीसी पाइपचं झाकण, त्यात बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह.)

हे बघा. नळाच्या सामानाच्या दुकानातलं झाकण. काकांनी मधोमध भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवला. एअर फिल्टरचा पाइप काढला, टर्बोच्या तोंडाशी हे झाकण क्लॅम्पनं आवळलं आणि टायरला भरतो तशी हवा भरली. दाब १० पीएसआयच्या आसपास. त्याहून जास्त भरायची गरज नाही, सील निघायची भीती असते. मग पंक्चरवाल्यासारखं साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर.

गॅरेजमधले सगळे गप्प झाले. खालून आवाज आला. फुस्स.

इंटरकूलरच्या खालच्या होजला, बरोबर क्लॅम्पच्या कडेखाली, बोटभर चीर. वरून बघितलं तर होज धडधाकट. भोवती तेलाचा ओलसर थर होता, तीच खूण. दुसरा बुडबुडा डायव्हर्टर व्हॉल्व्हपाशी. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब परत वळवणारा हा व्हॉल्व्ह, आत पातळ पडदा असतो, तो फाटलेला.

सिलिकॉनचा होज, चांगले टी-बोल्ट क्लॅम्प आणि नवा व्हॉल्व्ह. खर्च चार आकड्यांतच राहिला.

(दृश्य: चार जुने स्पार्क प्लग एका फडक्यावर.)

प्लगही बदलले. झिजून गॅप वाढला की दाबाखालच्या हवेत ठिणगी पडत नाही, गाडी नेमकी चढावर धक्के देते. लोक प्लगला वीज देणारी कॉइल बदलतात, दोष प्लगचा असतो. इंटरकूलरच्या जाळीत मेट्रोच्या कामाची धूळ आणि चिखल घट्ट बसला होता. कमी दाबाच्या पाण्यानं, जाळी न वाकवता धुतला. ऑइल फुल्ली सिंथेटिक, आणि कंपनीच्या मुदतीआधीच बदलायचं, कारण टर्बोचा दांडा ऑइलच्या पापुद्र्यावरच तरंगतो. लांबून पळवत आलात तर किल्ली फिरवून बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन चालू ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेव्हा २०१०च्या गाडीच्या पेट्रोल होजवरही नजर हवी. टायर आणि ब्रेक ऑइल सांगायलाच नको.

एका गोष्टीवर पैसे घालू नका: बॉनेटखाली उघडा बसवायचा शंकूसारखा कोन एअर फिल्टर. आवाज भारी येतो, पण इंजिनच्या बाजूची तापलेली हवा आत जाते. मे महिन्यात तुर्भ्याच्या सिग्नलला उभं राहा, मग कळेल. मूळच्या खोक्यात साधा नवा फिल्टर बसवा.

(दृश्य: लॅपटॉप, गाडीच्या कॉम्प्युटरच्या ओबीडी पोर्टला लावलेली केबल.)

आणि रीमॅप? त्यात बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, आणि ठिणगीची वेळ बदलतात, टर्बो गाडीला त्यानं खरोखर फरक पडतो. पण चीर पडलेल्या होजवर रीमॅप म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं. करायचंच तर जुन्या क्लचची तपासणी आधी, मूळ फाइलची प्रत स्वतःजवळ, आणि ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावरचं आधी-नंतरचं माप. नवी मुंबईचा पाम बीच रोड ही मापायची जागा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. विमा कंपनीपासून लपवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगलट येऊ शकतो. धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर कुणी कितीही आग्रह केला तरी काढू नका. ते विष आपल्याच पोरांच्या नाकात जातं. आमच्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली, फेरनोंदणीसाठी ती आरटीओसमोर जायची आहे. तिथं ती आहे तशीच उभी राहील.

(दृश्य: गायमुखचा चढ, गाडीच्या आतून. शेजारी बाबा.)

तिसरा गिअर. काटा दोन हजारांच्या पुढं सरकतो आणि शिट्टी ऐकू येते. बारीक, लांबून आल्यासारखी. बाबा काच वर करतात, नीट ऐकू यावी म्हणून.

रीमॅप अजून केलेला नाही. ते झाकण डिकीत जॅकशेजारी असतं. गेल्या रविवारी नेरूळच्या एका जुन्या टर्बो डिझेलला लावलं. तिची फुसफुस वेगळ्याच जोडावर निघाली.