नाश्त्याच्या टेबलावरचं संशोधन

ऑफिसातलं मोठं कॉपी मशीन बंद पडतं आणि सगळं काम खोळंबतं. दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे कंपनीचं मॅन्युअल असतं: हा एरर कोड दिसला की हे तपासा, मग ते बदला. पण मशीन वापरून झिजलेलं असतं. कोड एका भागाकडे बोट दाखवतो आणि दोष निघतो भलतीकडेच.

1980च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर या तंत्रज्ञांबरोबर फिरले. नाश्ता करताना, कॉफी पिताना ही मंडळी एकमेकांना अडलेल्या मशीनचे किस्से सांगायची. कुठला कोड फसवतो, कुठली तार आधी बघायची, हे सगळं त्या गप्पांत असायचं. वरवर पाहणाऱ्याला तो वेळ फुकट गेलेला वाटेल. मला तर वाटतं, कंपनीची सगळ्यात जिवंत प्रयोगशाळा तीच होती. फक्त तिथलं शहाणपण त्या टेबलापाशीच राहायचं.

1990च्या दशकात ‘युरेका’ ही व्यवस्था उभी राहिली. सुरुवातीचा मोठा प्रयोग फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची, आणि पटली की लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना खुली करायची.

ब्राझीलमधल्या एका ग्राहकाचं रंगीत मशीन काही केल्या सुधारेना. सुमारे 40,000 डॉलरचं ते मशीनच बदलून द्यायची वेळ आली होती. मग युरेकात शोधलं, तर कॅनडातल्या मॉन्ट्रिअलच्या एका तंत्रज्ञाची नोंद सापडली. दोष होता 50 सेंटच्या एका भागात!

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. युक्तीमागे पैसे द्यावेत, अशी सूचना आली होती. तिला विरोध केला तो तंत्रज्ञांनीच. पैसे ठेवले तर लोक आकडा वाढवतील, नोंदींचा कस उतरेल, अशी त्यांची भीती होती. त्यांना हवं होतं ते युक्तीखाली आपलं नाव, आणि ती पारखणारे आपल्याच कामातले लोक.

एवढ्यावर हजारो नोंदी जमल्या. त्या लिहिणाऱ्यांच्या हुद्द्यात ‘संशोधक’ हा शब्द कुठेच नव्हता.