एम थ्रीवाल्या दोस्ताला फोन करताय? मग हे ऐका

नमस्कार मंडळी, आजचं बोलणं तुमच्याशी आहे पण विषय तुमचा तो मित्र किंवा मैत्रीण आहे, जो सध्या ग्रुपवर काहीच टाकत नाही, लास्ट सीन रात्री साडेतीनचा असतो आणि विचारलं की "काही नाही रे, अभ्यास चाललाय" एवढंच म्हणतो. कॉलेज झेपत नाहीये त्याला, त्यातही एम थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित. आणि आपण काय करतो, तर "टेन्शन नको घेऊ भावा, होऊन जाईल" असं टाकतो, पुढे दोन इमोजी, झालं आपलं कर्तव्य. त्याने काही होत नाही हो. उलट त्याला वाटतं, ह्याला कळलंच नाही मी काय सांगतोय ते.

आता एक पोरगा डोळ्यासमोर घेऊ, पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग होस्टेलवर सापडेल असा. दहावी मराठी मीडियम, मग तालुक्याजवळच्या पॉलिटेक्निकला डिप्लोमा, डिस्टिंक्शन, लेथवर हात असा बसलेला की बारावी करून आलेली पोरं वर्कशॉपचा जॉब त्यालाच विचारून करतात, आणि मग डायरेक्ट सेकंड इयर. घरी पेढे वाटून झालेत. आणि इथे समोर एम थ्री. बाकीच्यांनी बारावी केली, फर्स्ट इयरला एम वन, एम टू केलं, ह्याने ती वर्षं पाहिलीच नाहीत, डिप्लोमाला गणित असतं, नाही असं नाही, पण एवढं खोल नसतं. सर फळ्यावर लाप्लास, म्हणजे अवघड समीकरणं सोपी करून सोडवायची एक रीत, सुरू करतात, "हे तुम्हाला झालेलंच आहे" म्हणतात, चार स्टेप एका दमात मारतात, सगळा वर्ग माना डोलावतो. हाही डोलावतो! हात वर करून "सर, नाही झालं" म्हणायला जिथे मराठीतच जीभ वळत नाही, तिथे इंग्लिशमध्ये कुठली वळायला.

महिनाभरात त्याचं एकच वाक्य होतं, "मला काहीच येत नाही." ह्या वाक्याशी वाद घालायला जाऊ नका. "अरे तू हुशार आहेस" वगैरे तर बिलकुल नको, तो हुशार आहे हे त्याला डिप्लोमापर्यंत माहीतच होतं, म्हणून तर आत्ता जास्त लागतंय. त्यापेक्षा शेजारी बसा, लांब असाल तर व्हिडिओ कॉल लावा, कॅमेरा वहीवर, आणि एकच गणित सोडवायला सांगा. फक्त बघा पेन कुठे थांबतंय.

रेडिओवर गणित सांगतोय, घाबरू नका, वही काढायची नाहीये. इन्व्हर्स लाप्लास काढायचाय, वर एक, खाली एस इनटू एस प्लस टू. पोरगा थांबला. आता तो म्हणणार लाप्लास डोक्यावरून जातं. पण जरा बघा तर, इथे करायचं काय असतं, त्या एका अपूर्णांकाचे दोन तुकडे, एक छेद एस वजा एक छेद एस प्लस टू, आणि बाहेर अर्धा. एवढं झालं की पुढे लाप्लासच्या सूत्रांचं टेबल पाठ असलेला कोणीही लिहील, पहिल्याचा एक, दुसऱ्याचा ई रेज टू मायनस टू टी. म्हणजे हा लाप्लासला अडकलेलाच नव्हता, पार्शल फ्रॅक्शनला, म्हणजे ह्या तुकडे करण्याला, अडकला होता, जे बारावीवाल्यांनी इंटिग्रेशन करताना घोटून घेतलेलं असतं आणि ह्याला कोणी तसं बसून शिकवलंच नाही. पार्शल फ्रॅक्शन हे एका रविवारचं काम आहे. आता वाक्य काय झालं, "मला पार्शल फ्रॅक्शन येत नाही." ह्याच्यावर काहीतरी करता येतं ना! "काहीच येत नाही" ह्याच्यावर ब्रह्मदेवालाही काही करता येणार नाही.

दुसरं म्हणजे, तो तासन् तास बसतो ते नक्की काय करतो ते बघा. बहुतेक सोडवलेली गणितं वाचत असतो, हायलायटर मारत, आणि वाचताना सगळं कळतं हो, तिथेच तर फसगत आहे. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदाच वाचून मग तीन वेळा न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांना साधारण 61 टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना 40. तो उतारा होता, गणित नव्हतं हे मान्य, पण पुस्तक मिटून कोऱ्या पानावर करून बघणं ह्याला गणितात तरी दुसरा रस्ता मला माहीत नाही. मित्र म्हणून तुमचं काम सोपं, त्याचं पुस्तक आपल्याकडे घ्या आणि म्हणा, "मला शिकव." तुम्ही कॉमर्सचे असाल तर अजून चांगलं, तुम्हाला काही कळत नाही म्हणून त्याला नीट सांगावं लागेल.

आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज, शेजारच्या पोराचं पॅकेज, हे विषय आपण काढायचे नाहीत. त्याच्या डोक्यात ते चोवीस तास चालूच असतात.

फक्त एक लक्षात ठेवा, जेवण तुटलंय, झोप उडालीये, आणि "मी नसलो तर बरं होईल" असलं काही तो बोलला, तर मग हा एम थ्रीचा प्रश्न नाही. तिथे गणित बाजूला. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, आणि 14416 लावा, केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. शेजारी बसून तुम्हीच नंबर लावून द्या.

बाकी, रिझल्ट लागला आणि राहिलाच विषय तर? त्या दिवशी तो फोन उचलणार नाही, रूमवर जा. पहिल्या दिवशी नुसता चहा. दुसऱ्या दिवशी मात्र उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायचा फॉर्म आणि त्याची शेवटची तारीख तुम्ही बघून ठेवा, कारण पोरं रूमचं दार लावून पडून राहतात आणि ती तारीख निघून जाते. पेपर हातात आला की दोघं मिळून बघा कुठली स्टेप गेली, रिव्हॅल्युएशनला टाकण्यासारखं आहे की नाही, आणि नसेल तर बॅकलॉगच्या परीक्षेचा फॉर्म कधी सुटतोय तेही कॉलेजच्या ऑफिसात विचारून या.