मेंडोलिन शिकता शिकता

श्रोतेहो, नमस्कार.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीच्या मागच्या बोळात वाढलो. शाळेतून घरी येताना वाटेत दारोदारी भोपळे वाळत पडलेले असायचे, लाकडाचा भुसा पायाला लागायचा, आणि कुठल्या तरी ओट्यावर कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं असायचं. घोडीवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून, हलकेच कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. एवढ्यासाठी तासन् तास जायचे. त्यामुळं वाद्य हातात घ्यायचं ते गुरूच्या परवानगीनं आणि चारचौघांत वाजवायचं ते दहा-बारा वर्षांच्या रियाजानंतर, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती समजूत चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. पण ती एका गाण्यानं हलली. त्याच गाण्याची गोष्ट आज सांगायला आलो आहे.

1992 चा पावसाळा. सांगलीत विश्रामबागेला मित्राच्या खोलीवर गेलो होतो. त्यानं कुणाकडून तरी भरून आणलेली कॅसेट लावली आणि मेंडोलिन वाजायला लागलं. मेंडोलिन आपल्याला काही परकं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले लक्ष्मीकांत आधी मेंडोलिनवादक होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण हे मेंडोलिन सिनेमातल्या गाण्यासारखं थरथरत, लाडिक होत नव्हतं. एकच छोटा तुकडा, तोच तो, साधा. पुढं येणारा आवाज गात नव्हता, आपल्याशीच काहीतरी कबूल करत होता. इंग्रजी शब्द मला निम्मेच कळले. तरी मित्राकडून ती बाजू तीनदा लावून घेतली.

गाण्याचं नाव 'लूझिंग माय रिलिजन'. बँडचं नाव आर. ई. एम. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव, तिथं 1980 साली चौघं एकत्र आले: मायकल स्टाइप गाणारा, पीटर बक गिटारवाला, माइक मिल्स बासवर आणि बिल बेरी ड्रमवर. त्यांचं पहिलं सिंगल, म्हणजे एका गाण्याच्या नावावर निघालेली छोटी रेकॉर्ड, 1981 साली आलं. ते निर्माते मिच ईस्टर यांच्या आईवडिलांच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत तयार झालं होतं. अशा बँडना मोठी रेडिओ केंद्रं विचारत नसत. त्यांना वाजवलं ते कॉलेजच्या मुलांनी चालवलेल्या छोट्या केंद्रांनी. पुढं ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणू लागले, ते या केंद्रांच्या आधारानं वाढलं. रेडिओवरून बोलताना हे सांगायला मला विशेष आनंद होतो.

तर दहा वर्षं सतत गिटार वाजवून पीटर बक थोडा कंटाळला होता. त्यानं एक मेंडोलिन विकत आणलं. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, मिळवणी व्हायोलिनसारखी. गिटारवर बसलेली बोटं इथं चुकतात, सूर भलत्याच जागी सापडतात. तो घरी टीव्हीसमोर बसून हात बसवत होता आणि शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं टेप ऐकली. बरंचसं नवशिक्याचं चाचपडणं होतं, आणि त्याच्या मधोमध हा तुकडा होता. श्रोतेहो, मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा क्षण हा वाटतो. तुकडा सुचला याचं मला तेवढं नवल नाही. आपलाच चाचपडणारा हात दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकावासा वाटला, आणि त्यातलं धान्य त्याला ओळखता आलं, याचं नवल आहे.

जुलै 1990 मध्ये अथेन्समध्येच त्याचं कच्चं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा त्याला शब्द नव्हते, आणि नाव काय ठेवलं होतं? 'शुगर केन'. ऊस! आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं हे वाचल्यावर त्या गाण्याशी सोयरीक जुळल्यासारखं वाटलं तर नवल नाही.

खरं ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ बेअर्सव्हिल स्टुडिओत झालं. बँडबरोबर स्कॉट लिट निर्माते होते. तिथं एक अडचण उभी राहिली. खाली बासचा खर्ज, वर मेंडोलिनची किणकिण, आणि मध्ये पोकळी. तंबोऱ्यातली जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, काढून ठेवा आणि नुसती पहिली तार आणि खर्ज छेडून बघा, म्हणजे काय होतं ते कळेल. मग पीटर होल्सॅपल या साथीदारानं साधी अकूस्टिक गिटार धरली आणि मधली जागा भरली. त्याचं नाव फार कुणाच्या लक्षात राहत नाही. मला मात्र जोडीच्या तारा लावणारा माणूस कायम महत्त्वाचा वाटत आला आहे. अटलांटाच्या सिंफनी वाद्यवृंदातल्या वादकांची व्हायोलिनं नंतर चढवली, तीही बेतानं. आणि स्टाइपनं गाणं एकाच टेकमध्ये म्हटलं. त्याच्या आवाजात जो उघडेपणा आहे, तो पुन्हा पुन्हा म्हणून आला असता असं मला वाटत नाही.

नावाबद्दल सांगायला हवं, कारण मीही कित्येक वर्षं फसलो होतो. गाणं धर्माबद्दल नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातला तो बोलीतला प्रयोग आहे, आपण 'आता माझा तोल सुटला' म्हणतो तसा. गाणं आहे एकतर्फी ओढीचं. आपण जास्त बोललो की कमीच बोललो, समोरच्यानं पाहिलं की आपल्यालाच तसं वाटलं, हा जो जिवाचा घोळ असतो, त्याचं. सूर म्हणाल तर आपल्या आसावरी थाटाचे, गंधार, धैवत, निषाद कोमल. अनोळखी शब्दांतून ते मला इतकं जवळचं का वाटलं, याचं थोडं उत्तर तिथं असावं.

आता प्रकाशन. बँडचं म्हणणं, नव्या अल्बममधून पहिलं हेच गाणं बाहेर पडू दे. रेकॉर्ड कंपनीत त्यावर लांबलचक चर्चा झाल्या. गाण्याला धड ध्रुवपद, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, नाही, मुख्य वाद्य मेंडोलिन, लांबी साडेचार मिनिटांच्या घरात. शेवटी 19 फेब्रुवारी 1991 ला सिंगल निघालं, आणि मोठ्या केंद्रांकडे नेण्याआधी ते कॉलेजच्या आणि रॉक वाजवणाऱ्या केंद्रांकडे नेलं. आधी घरच्यांनी ऐकलं, मग गावानं. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या वर्षी बँड दौऱ्यावरही गेला नव्हता. चित्रफीत केली ती जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगनं. तोवर चित्रफितीत गाण्यावर ओठ हलवायला स्टाइप तयार नसे, इथं तो तयार झाला. 1992 मध्ये गाण्याला दोन ग्रॅमी मिळाल्या, त्यातली एक चित्रफितीची.

बँड 2011 साली थांबला. जून 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सन्मान सोहळ्यात चौघं परत एकत्र उभे राहिले आणि एकच गाणं वाजवलं, हेच. त्याच वर्षी आमच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण माझ्या घरात दोन्ही बातम्या सारख्याच आनंदानं ऐकल्या.

हल्ली आमच्या बोळात संध्याकाळी दोन मुलं गिटार घेऊन बसतात. चुकतात, थांबतात, हसतात. परवा त्यांना एवढंच विचारलं, "बाळांनो, मोबाइलवर टेप करता का रे हे?" म्हणाले, "नाही काका, नीट आलं की करू." मी म्हटलं, आजपासूनच करा.

आता मी थांबतो, रेकॉर्ड लागते आहे. मेंडोलिन तर पहिल्या क्षणीच ऐकू येईल. मध्ये कुठं तरी हळू आवाजात साधी गिटार चालली आहे, तिच्याकडे जरा कान द्या.