बॉस पडल्यानंतरचं भांडण

ऑनलाइन रोलप्लेइंग गेममध्ये गिल्ड, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांचं टोळकं, कधी फुटतं माहितीये? जिंकल्यावर. हरत असताना लोक उलट एकमेकांना धरून असतात, "चला परत एकदा" म्हणत रात्री उशिरापर्यंत त्याच बॉससमोर, म्हणजे शेवटच्या तगड्या शत्रूसमोर, मरत राहतात आणि कुणाचीच तक्रार नसते. बॉस पडला, लूटची, म्हणजे त्याच्याकडून मिळालेल्या वस्तूंची, खिडकी उघडली की मग चॅट एकदम शांत होतं.

स्क्रीनवर बघा, ही वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधली मोल्टन कोअरची रेड आहे, रेड म्हणजे अनेकांनी मिळून करायची मोठी मोहीम. गेम आला २००४ मध्ये, आणि या रेडला एका वेळी ४० जण लागायचे. टँक पुढे उभा राहून मार खातोय, हीलर त्याला जिवंत ठेवतायत, बाकीचे डॅमेज करतायत, आणि एखाद्याने चुकीच्या जागी पाऊल टाकलं की सगळेच आडवे. एवढं करून मिळणार काय, तर मोजक्या वस्तू. माणसं ४० आणि तलवार एक. मास्टर लूट लावलेलं असेल तर ती कोणाची हे एकच माणूस ठरवणार, त्याच्यासमोर नावांची यादी येते, एका नावावर क्लिक केलं की विषय संपला, कारण तेव्हा ती वस्तू पुन्हा दुसऱ्याला देताच यायची नाही. म्हणजे त्या क्लिकमध्ये केवढी सत्ता आहे बघा! आणि ही सत्ता ज्याच्याकडे असते त्याला कोणी पगार देत नाही, कंपनीने त्याला नेमलेलं नसतं, तोही आपल्यासारखाच खेळायला आलेला असतो.

हा प्रश्न त्याहून जुना आहे. १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आला, तिथेही मोठे ड्रॅगन मारायला भरपूर माणसं लागायची आणि नियमच नसेल तर मग ज्याच्या हाती ससा तो पारधी. तेव्हा आफ्टरलाइफ नावाच्या गिल्डने एक पद्धत काढली, ड्रॅगन किल पॉइंट्स, लोकांच्या तोंडी डीकेपी. हिशोब सोपा आहे. रेडला आलात की पॉइंट मिळणार, वस्तू घेतली की कापले जाणार. समजा तुमच्याकडे १०० आहेत आणि तलवार ६० ला घेतली, तर तुमचे राहिले ४०, आणि पुढच्या वेळी ७० वाला माणूस तुमच्या पुढे. लीडर असो नाहीतर त्याचा जिगरी दोस्त, वही सगळ्यांना सारखीच, आणि ती सगळ्यांना दिसते. खेळाडूंनी खेळाडूंसाठी केलेली ही गोष्ट आहे, गेममध्ये असलं काही नव्हतंच, आणि मला तर हे अख्ख्या गेमिंगमधल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक वाटतं.

पण वही असली म्हणजे न्याय झाला असंही नाही हां. पॉइंट वेळेचे मिळतात, त्यामुळे ज्याला रोज येता येतं तो पुढे जातो आणि शिफ्टमध्ये काम करणारा, घरी लहान मूल असलेला माणूस कितीही चांगला खेळला तरी मागेच. काही जण तर पॉइंट साठवूनच बसतात, लहानसहान काही घेत नाहीत आणि मग एका मोठ्या वस्तूवर सगळे ओततात. आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे बेंच. रेडला जागा ४० आणि आले ४४, तर चौघं बाहेर थांबणार, कोणी आतून डिस्कनेक्ट झालं तर बोलावतील म्हणून तीन-तीन तास तयार होऊन बसणार. त्या चौघांना पॉइंट द्यायचे की नाही? माझं मत स्पष्ट आहे, द्यायचे, आणि पूर्ण द्यायचे, कारण ते गिल्डसाठीच थांबलेले असतात. लीडर कसा आहे हे मला बघायचं असेल तर मी बॉसफाइट बघणार नाही, बेंचवरच्या माणसाशी तो कसा बोलतो ते बघेन. "आज तुला घेता येत नाही, पुढच्या वेळी तू पहिला" असं आधी सांगणं, आणि पुढच्या वेळी ते खरंच करणं. एवढं जमलं तरी लोक वर्षानुवर्षं टिकतात.

दुसरा मार्ग लूट काउन्सिलचा, चार-पाच ऑफिसर बसून ठरवतात की कोणाला दिलं तर सगळ्या रेडचा फायदा. कागदावर हे डीकेपीपेक्षा शहाणपणाचं आहे, कारण ते गरज बघतं. पण कारणं बंद चॅनलमध्ये राहिली आणि ऑफिसर मंडळीच आधी नटली की वशिल्याचा वास यायला लागतो. तो खरा असो वा नसो, लोक जातात.

शेवटी कंपनीनेच हात घातला. २०१८ मध्ये वॉरक्राफ्टच्या नव्या रेडमधून मास्टर लूट काढून टाकलं, ज्याचं त्याला गेमच देणार. लीडरची मनमानी संपली हे खरं, पण वाटून घेणंही अवघड झालं, कारण तुम्हाला बिनकामाची असलेली वस्तूसुद्धा अनेकदा शेजारच्याला देता यायची नाही. मग २०२२ मध्ये रेडमध्ये परत सगळ्यांसमोर रोल करायची, म्हणजे फासा टाकून ज्याचा आकडा मोठा त्याला वस्तू द्यायची, पद्धत आली.

मग कोणी म्हणेल लीडरच नको. तेही करून झालंय. लॅम्डामू नावाचं, फक्त मजकुरावर चालणारं एक ऑनलाइन जग होतं, १९९० मध्ये पावेल कर्टिस यांनी सुरू केलेलं, तिथल्या अ‍ॅडमिनना विझार्ड म्हणायचे. १९९२ च्या शेवटी विझार्डनी जाहीर केलं की आम्ही फक्त तांत्रिक कामं बघू, तुमची भांडणं तुम्ही सोडवा. १९९३ मध्ये एकाने प्रोग्रॅम वापरून दुसऱ्यांच्या कॅरेक्टरवर लैंगिक अत्याचार झाल्याचं सगळ्यांसमोर लिहून दाखवलं, ज्यांच्या बाबतीत झालं ती माणसं खरोखर हादरली, मोठी सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली आणि ठरलं काहीच नाही. शेवटी एका विझार्डने स्वतःच्या जबाबदारीवर ते कॅरेक्टर उडवून टाकलं. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदानाची व्यवस्था आली. १९९६ मध्ये विझार्डनी मान्य केलं की पूर्ण बाजूला राहणं शक्य नाही. मला यात पटतं ते हे की अधिकार कोणाकडे तरी असतोच, तो नाही असं म्हटलं तर तो फक्त दिसेनासा होतो.

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये तर गेम बनवणारेच संशयाखाली आले. २००७ मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्याने मान्य केलं की त्याने खेळाडू म्हणून गैरमार्गाने मौल्यवान ब्लूप्रिंट, म्हणजे गेममधल्या वस्तू बनवायचे आराखडे, मिळवल्या होत्या, आणि तो एका बलाढ्य अलायन्समध्ये, म्हणजे अनेक गटांच्या युतीत, खेळत होता. खेळाडू प्रचंड चिडले, आणि २००८ पासून तिथे खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ आलं, कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट, जे थेट कंपनीपुढे बाजू मांडतं. तीच अलायन्स २००९ मध्ये एका झटक्यात संपली, कारण तिच्यातल्याच एका डायरेक्टरकडे, म्हणजे वरच्या पदावरच्या खेळाडूकडे, ती बरखास्त करायचा अधिकार होता, आणि तो शत्रूला जाऊन मिळाला. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं उभं केलेलं सगळं एका माणसाच्या परवानगीवर टांगलेलं होतं, आणि हे बहुतेकांच्या लक्षातही आलं नसेल.

म्हणून नवीन गिल्डमध्ये जाताना आधी विचारा की मागच्या महिन्यात कोणती वस्तू कोणाला गेली याची यादी बघायला मिळेल का, त्यात लीडरने स्वतः काय घेतलं तेही दिसतं का, आणि बेंचवर बसलं तर काय. चांगला लीडर लगेच लिंक टाकेल. "आमच्यावर विश्वास ठेव ना" एवढंच उत्तर आलं तर दुसरं गिल्ड बघा.