डेम्पस्टरला बारा दिवस

नकाशावरची ही बारीक रेघ म्हणजे डेम्पस्टर महामार्ग. कॅनडाच्या युकॉनमध्ये, डॉसन सिटीच्या पूर्वेला ४० किलोमीटरवर तो सुरू होतो आणि उत्तरेला इनुविकला पोचतो. सुमारे ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळी खडी. एका बाजूचा प्रवास दोन दिवसांत उरकता येतो. आम्ही जाऊन-येऊन बारा दिवस ठेवले आहेत.

पेन्सिलीच्या या खुणा मुक्कामांच्या. पहिली जेमतेम सत्तराव्या किलोमीटरवर, टूमस्टोनच्या डोंगरांत. निघाल्या दिवशीच दुपारी गाडी बंद करायची, कारण ऑगस्टअखेरीला हे असं दिसतं. हा लाल रंग बुटक्या बर्चच्या पानांचा.

पहिला पंप ३६९ व्या किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. त्याच्या अलीकडे एकही नाही, म्हणून हे भरलेले कॅन. स्टेपन्या दोन. इथल्या खडीत धारेचे दगड असतात, ते टायर चिरतात. वेग कमी ठेवला तर टायर टिकतो, आणि समोरून येणाऱ्याची काचही.

रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इतका उंच का, ते इथे कळतं. खालची जमीन बारमाही गोठलेली आहे. वरचं शेवाळ खरवडलं की ती वितळते आणि चिखल होतो. म्हणून बांधणाऱ्यांनी इथे खोदलं नाही, वर भराव टाकला. कुठे मीटरभर, कुठे दोन मीटरांहून जाड. खालच्या थंडीवर घातलेलं हे पांघरूणच. काम १९५९ मध्ये सुरू झालं, मध्ये रखडलं. रस्ता खुला झाला १९७९ मध्ये. आता हवामान तापतंय आणि भराव जागोजागी खचतोय.

रस्त्याला नाव आहे पोलीस कॉर्पोरल विल्यम डेम्पस्टर यांचं. डिसेंबर १९१० मध्ये इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन साथीदारांसह फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले, कुत्र्यांच्या स्लेज घेऊन. लवकर पोचायचं म्हणून शिधा कमी घेतला. इथल्या मूळ रहिवाशांपैकी, ग्विचिन लोकांपैकी एक वाटाड्या काही दिवस सोबत होता, त्याला परत पाठवलं. पुढे ज्या ओढ्याने वळायचं तोच सापडेना. मागे फिरले, वाटेत आपलीच कुत्री मारून खाल्ली. चौघांपैकी एकही मॅकफर्सनला पोचला नाही. मार्च १९११ मध्ये डेम्पस्टर यांना त्यांचे मृतदेह सापडले. डेम्पस्टर यांच्या शोध-तुकडीत ग्विचिन वाटाड्या होता, चार्ली स्ट्युअर्ट. पाटीवर त्याचंही नाव असायला हवं होतं, असं मला वाटतं.

४०५ वा किलोमीटर. आर्क्टिक वृत्त. फोटो काढून इथूनच परतणाऱ्या गाड्या दिसतात. आम्ही पुढे जातोय.

पुढे दोन नद्या, पील आणि मॅकेंझी. पूल एकीवरही नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून गाडी. बर्फ धरतो आणि फुटतो त्या मधल्या काळात दोन्ही बंद. उन्हाळ्यातही पाणी चढलं, ओंडके वाहून आले, की फेरी थांबते. निघण्याआधी रस्त्याची आणि फेरीची खबर घ्यायची, आणि तरीही काठावरचे दोन दिवस कोरे सोडायचे. नकाशावर या दोन चौकटी रिकाम्या आहेत त्या त्यासाठी.

हा पीलचा काठ. फेरी पलीकडे लागली आहे. आम्ही स्टोव्ह बाहेर काढलाय.